सायबूचे नवे शब्द

हर्षालीला आदिलाबादच्या पीजी सेंटरमध्ये एम.एस्सी.ला जागा मिळाली तेव्हा सायबू गावीच राहणार, असं ठरलं होतं. हॉस्टेलवर पोपट कोण ठेवू देणार?

सायबू त्यांच्या घरी आला त्याला चार वर्षं झाली होती. बोथजवळ त्यांचं वांग्या-टमाट्याचं शेत आहे. एका गारपिटीनंतर हर्षालीच्या वडलांना, उत्तमरावांना, बांधाखाली हे पिल्लू सापडलं, डावा पंख मोडलेला. ओळखीच्या फॉरेस्ट गार्डनं बजावलं होतं की पोपट पाळणं कायद्यात बसत नाही, बरा झाला की सोडून द्या. पंख जुळला, पण वाकडा जुळला. दोनतीनदा त्याला शेतात नेऊन सोडलं, तर तो पायी चालत परत आला. मग गार्डही काही बोलला नाही. दोन्ही पंख मागे घेऊन, छाती काढून तो घरभर तपासणीला आल्यासारखा फिरायचा, म्हणून नाव पडलं सायबू.

त्याची एक खोड होती. तो नुसता शब्द उचलत नसे, आवाजही उचलायचा. "घ्या वांगे, ताजे वांगे" हे तो उत्तमरावांच्या बाजारातल्या खरखरीत आवाजात म्हणायचा, आणि "उठ वं, सात वाजले" हे आईच्या आवाजात. पाठमोरं माणूस फसायचंच.

हर्षाली हॉस्टेलवर गेली आणि आठव्या दिवशी वडलांचा फोन आला.

"तो खाऊन नाही राह्यला वं," उत्तमराव म्हणाले. "छातीचे पिसं उपटून राह्यला. आमी सगळं करून पाह्यलं. तूच ने त्याले."

म्हणून खोली शोधणं आलं. वर्गातली प्रणिता तिच्याबरोबर हिंडली. ती उटनूरची, तेलुगू शाळेत शिकलेली, त्यामुळे घरमालकांशी बोलणं सोपं गेलं. चार दिवसांत दोघींनी अकरा 'टू-लेट'च्या पाट्या पाहिल्या. कुणाला पोपटाच्या घाणीची भीती होती, कुणाच्या घरी मांजर होतं. एका ठिकाणी पोपट चालत होता, पण एकटी मुलगी चालत नव्हती.

बारावं घर कापूस मार्केटच्या मागच्या गल्लीत निघालं. खाली मालक, वर दीड खोलीचा पोर्शन. मालकीणबाई वनमालाकाकू, पोस्टात नोकरीला. अट एकच होती, घरात शांतता हवी.

"यांना दोन वर्षांपूर्वी लकवा मारला," काकू दारातच म्हणाल्या. "काठीनं चालतात. बोलणं मात्र गेलं. समजतं सगळं, पण एक शब्द निघत नाही. आवाजाचा त्रास होतो की काय, तेही सांगू शकत नाहीत. म्हणून आपणच जपायचं."

हर्षालीनं पोपटाचं सांगितलं तेव्हा काकूंचा चेहरा पडला. त्या नाहीच म्हणणार होत्या. पण आतल्या खोलीत खुर्चीवर बसलेले व्यंकटेशकाका मान वळवून हर्षालीकडे बघत होते, आणि काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. काय वाटलं कुणास ठाऊक. त्या म्हणाल्या, महिनाभर बघू.

रविवारी उत्तमराव बसनं पिंजरा घेऊन आले. पिंजऱ्यावर टॉवेल गुंडाळलेला, तरी सायबूनं बोथपासून आदिलाबादपर्यंत अख्ख्या बसला वांगी विकली होती. इथं मात्र त्यानं चोच उघडली नाही. हर्षालीनं हात आत घातला तेव्हा तो तिच्या मनगटावर चढून तसाच बसून राहिला. संध्याकाळी त्यानं अर्धा पेरू खाल्ला. उत्तमराव काकूंसाठी पिशवीभर वांगी ठेवून परत गेले.

वरच्या स्वयंपाकघराला मागच्या बाजूला एक खिडकी होती. तिथं सकाळी दहानंतर ऊन यायचं, म्हणून पिंजरा तिथंच टांगला. खिडकीखाली हातभर रुंद सिमेंटचा सज्जा होता. त्याच्या पलीकडे मागचं अंगण, शेवग्याचं झाड आणि मागचं फाटक दिसायचं. सज्ज्याखालचं, भिंतीलगतचं काही दिसत नसे. हर्षाली साडेनवाला कॉलेजला जायची ती साडेचारला परतायची.

दोन आठवडे नीट गेले. डिसेंबर लागला, आदिलाबादची थंडी हाडात शिरायला लागली, आणि एका संध्याकाळी ती दार उघडून आत आली तर कुणीतरी म्हणालं, "पहाणी."

आवाज पुरुषाचा होता. जाड, वयस्कर, घशात अडकून आलेला.

तिनं दिवा लावला. खोलीत कुणी नव्हतं. सायबू पिंजऱ्यात डोकं तिरकं करून तिच्याकडे बघत होता.

"प... प... पहाणी," तो पुन्हा म्हणाला.

पहाणी म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या पोरीला सांगावं लागत नाही. शेत कुणाचं, पीक कोणतं, हे लिहिलेला सरकारी कागद. पण हा शब्द सायबूला शिकवला कुणी? घरी तर तो कधी म्हणाला नव्हता. आणि अडखळायला तर त्याला कुणीच शिकवलं नव्हतं. हर्षालीला पहिल्यांदा वाटलं, त्याच्या घशाला काही झालं. दुसऱ्या दिवशी ती त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरनं चोच उघडून बघितली, छाती चाचपली आणि पोपट ठणठणीत आहे म्हणून सांगितलं.

"पण तो अडकत बोलतो," हर्षाली म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, पोपट अडकत नसतो, तो जसं ऐकतो तसं बोलतो.

परतताना रिक्षात तिच्या डोक्यात हेच वाक्य फिरत होतं. म्हणजे त्यानं ते कुणाकडून तरी ऐकलं होतं. अडखळणारा कुणी माणूस तिच्या माघारी तिच्या पोपटाशी बोलत होता.

सकाळी निघताना तिनं दाराच्या कडीला काळा दोरा बांधला. संध्याकाळी दोरा जसाच्या तसा होता. खोलीत कुणी आलं नव्हतं. आणि सायबूकडे नवीन शब्द होता.

"मुंतखब," तो म्हणाला. एकदम स्पष्ट, कुठंही न अडकता. मग आईच्या आवाजात, "उठ वं."

मुंतखब काय असतं हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं आणि वडलांना फोन लावला. उत्तमराव बराच वेळ हसले. मग म्हणाले, हा जुन्या निजामाच्या काळचा शब्द आहे, जमिनीच्या दप्तरातला. इनामाच्या जमिनीचा कागद असतो तसला. त्यांनीही आयुष्यात दोनदाच ऐकला होता, तोही तहसीलमध्ये, एका गिरदावराच्या, म्हणजे पटवाऱ्यांवरच्या साहेबाच्या, तोंडून.

"तुया पोपटाले कोन शिकवून राह्यलं हे?" त्यांनी विचारलं. "पटवारी ठेवला का काय भाड्यानं?"

हर्षाली हसली, पण फोन ठेवल्यावर तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगण रिकामं होतं. फाटकाला कुलूप होतं.

त्यानंतर रोज काही ना काही येत गेलं. 'सेतवार' आला, तोही जमिनीच्या दप्तरातलाच. 'मौजे' आलं, आणि त्याच्या पुढे कसलीशी नावं, अर्धी खाल्लेली. एक दिवस तर सायबू एक ते दहा आकडे म्हणाला आणि सातावर दोनदा थांबला. हर्षालीचं वहीचं पान भरत चाललं. संध्याकाळी जिना चढताना आज काय असेल, या विचारानं तिची पावलं आपोआप जोरात पडायला लागली. तिला भीती वाटायला हवी होती. थोडी वाटतही होती. पण आवाजात असं काही होतं की पूर्ण भीती वाटत नव्हती. तो माणूस कष्टानं बोलत होता, आणि मधूनच, एखादा शब्द नीट निघाला की, हसत होता. ते हसणंही सायबूनं उचललं होतं.

मग 'सारा' आला.

"स... सरा. सारा," असं तो पुनःपुन्हा म्हणायला लागला. दुसरे शब्द दोनचारदा म्हणून तो सोडून द्यायचा, हा मात्र दिवसभर चालला. शेतसारा म्हणावं, तर त्याच्यासाठी एवढा आटापिटा कशाला? हर्षालीनं प्रणिताला विचारलं.

"सरे असेल," प्रणिता म्हणाली. "तेलुगूत सरे म्हणजे बरं, ठीक आहे." मग हर्षालीनं सायबूचं मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं ऐकवलं तेव्हा ती गंभीर झाली. "नाही गं. हा सारा म्हणून राह्यला. सारा म्हणजे गावठी दारू."

दोघी आधी हसल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. अडखळत बोलणारा, मधेच हसणारा आणि सारखी दारू मागणारा माणूस दुपारी हर्षालीच्या खिडकीखाली येतो, असा त्याचा अर्थ होत होता. प्रणिता म्हणाली, घरमालकिणीला सांग.

त्या संध्याकाळी हर्षालीनं वनमालाकाकूंना जिन्यात गाठलं आणि दुपारी मागच्या अंगणात कुणी येतं का, असं विचारलं. काकू म्हणाल्या, कुणी कसं येईल, फाटकाला कुलूप आणि चावी माझ्या पर्समध्ये. सकाळी दहापासून दीडपर्यंत हे एकटेच असतात. दीडला मी जेवायला घरी येते. का गं, काय झालं?

हर्षाली म्हणाली, काही नाही. पोपट इतकं बोलतो हे कळलं असतं तर शांततेची अट मोडली असती, आणि महिना भरायला आठच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी साडेनवाला जिना उतरली, काकूंना ऐकू जाईल इतक्या जोरात "येते" म्हणाली आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेली. काकू स्कूटीवरून पोस्टाकडे गेल्याचं पाहून ती परत आली, चपला हातात घेऊन वर चढली आणि स्वयंपाकघरात खिडकीखाली फरशीवर बसली. सायबूनं तिच्याकडे पाहिलं, पण तो काही बोलला नाही. तो कुणाची तरी वाट बघत होता.

साडेदहा झाले. कापसाच्या गाड्यांचे हॉर्न लांबून येत होते. अकराच्या सुमाराला खाली दार करकरलं. मग काठीचा आवाज, आणि ओढत येणारं एक पाऊल. खुर्ची भिंतीला टेकली.

सायबू पिंजऱ्याच्या तळाशी उतरला आणि खाली बघून म्हणाला, "मुंतखब."

"मुंतखब," खालून उत्तर आलं. तोच आवाज होता. पोपटाच्या तोंडून इतके दिवस ऐकलेला तो आवाज आता माणसाच्या तोंडून येत होता.

"प... पहाणी."

"पहाणी," सायबू म्हणाला.

खालचा माणूस हसला. मग बराच वेळ तो काहीतरी जुळवत राहिला. श्वास घेतल्याचा आवाज यायचा, ओठ मिटल्याचा यायचा. "स. स... सरा. सा..." मग रागानं काठी आपटल्याचा आवाज. मग पुन्हा पहिल्यापासून. सायबू प्रत्येक वेळी जसं येईल तसं परत म्हणत होता. तो चूक काढत नव्हता, मदतीला शब्द पुरवत नव्हता आणि त्याला घाईही नव्हती.

हर्षालीला राहवलं नाही. ती गुडघ्यांवर उठली आणि गजांना गाल लावून सज्ज्याच्या कडेखाली बघायचा प्रयत्न केला. तिला दोन पाय दिसले. एकात साधी चप्पल होती, दुसऱ्यात पट्ट्यांचा बूट. काकू तो बूट रोज सकाळी खाली बसून बांधून देत, हे तिनं पाहिलं होतं.

तेवढ्यात तिच्या कोपराचा धक्का लागून खिडकीतली पेरूची ताटली सज्ज्यावर पडली आणि खणखणत अंगणात गेली.

खालचा आवाज तुटला.

"काका," हर्षाली म्हणाली. "मी आहे, वरची."

व्यंकटेशकाका खुर्चीतून उठले, घाईघाईनं, जवळजवळ पडत, आणि काठी टेकत आत गेले. दाराला आतून कडी लागली.

पुढचे तीन दिवस ते अंगणात आलेच नाहीत. हर्षालीला ते कसं कळलं, तर सायबू संध्याकाळी चिडलेला असायचा आणि त्याच्याकडे नवीन काही नसायचं. चौथ्या दिवशी तिनं पाहिलं, तो पुन्हा छातीचं पीस उपटत होता.

तिला स्वतःचाच राग आला. तिला जे जाणून घ्यायचं होतं ते तिनं जाणून घेतलं होतं, आणि त्यात एका माणसाची बोलायची एकुलती एक जागा तिनं बंद करून टाकली होती. ती खाली गेली असती, माफी मागितली असती, पण माफीला उत्तर द्यायलाही त्या माणसाकडे शब्द नव्हते. काकूंना सांगावं का, हाही विचार तिनं केला. आणि मग तिला वाटलं, ज्यानं दोन वर्षं बायकोसमोर तोंड उघडलं नाही, त्याचं हे सांगणं आपल्या वाट्याचं नाही.

पाचव्या दिवशी काकू गेल्यावर ती पिंजरा घेऊन खाली उतरली. मागच्या दारानं अंगणात गेली आणि भिंतीलगत जिथं ऊन होतं तिथं, खुर्चीशेजारी, एका स्टुलावर पिंजरा ठेवला. व्यंकटेशकाका आतल्या खोलीत पलंगावर बसले होते. खिडकीतून त्यांना सगळं दिसत होतं.

ती दारात उभी राहिली. "काका, याला वर एकट्याला करमत नाही," ती म्हणाली. "तुमच्याजवळ ठेवून जाऊ का? मी साडेचारला येईन, तोवर वर कुणी नसतं."

काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी मान हलवली, एकदाच.

"मी कुणाला काही सांगितलं नाही," हर्षाली म्हणाली आणि कॉलेजला निघून गेली.

त्या संध्याकाळी पिंजरा धुतलेला होता आणि वाटीत सोललेले शेंगदाणे होते. एका हातानं ते सोलायला किती वेळ लागला असेल, असं तिच्या मनात आलं.

महिना संपला तेव्हा काकू पोपटाबद्दल काही बोलल्या नाहीत. उलट यांना त्याची संगत आवडलेली दिसते, असं म्हणाल्या. दुपारी जेवायला घरी आल्या की पिंजरा खाली दिसायचा, पण त्यांच्यासमोर काका गप्प असायचे आणि सायबूही वांग्यांच्या पलीकडे फारसं काही बोलायचा नाही. रविवारीही पिंजरा खालीच असायला लागला. काकू त्याच्याशी गप्पा मारायच्या. त्यांना कुणाशी तरी बोलायची किती भूक होती, हे त्या वेळी दिसायचं. एकदा त्या हर्षालीला म्हणाल्या, की हैदराबादला तीनदा नेलं होतं यांना, बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे. पण समोर माणूस दिसलं की यांचे ओठ मिटतात. चौथ्या वेळी हे गाडीतच बसले नाहीत. सगळ्या जिल्ह्याच्या जमिनी मोजणारा माणूस, गिरदावर म्हणून रिटायर झाला, भर सभेत बोलायचा. आता मुलीचा फोन आला की तोंड फिरवून बसतो.

गिरदावर हा शब्द आल्यावर हर्षालीला वहीचं पान आठवलं, पण तिनं ते मनातच ठेवलं.

जानेवारीतला तो रविवार होता. हर्षाली मागच्या पायऱ्यांवर बसून केस वाळवत होती. काका खुर्चीवर, पिंजरा स्टुलावर, काकू शेंगा निवडत होत्या. मोबाइल वाजला. हैदराबादहून मुलीचा व्हिडिओ कॉल होता. काकूंनी फोन कानाशी न धरता तोंडासमोर धरला आणि म्हणाल्या, "बोल बेबी."

नेहमीचं बोलणं झालं. जेवण झालं का, थंडी किती आहे, असं. मग मुलीनं विचारलं, बाबा आहेत का जवळ? काकूंनी फोन काकांकडे वळवला. काकांनी मान फिरवली, शेवग्याकडे बघायला लागले.

"स... स्वरा," काकांचा आवाज म्हणाला.

काकूंच्या हातातल्या शेंगा मांडीवर सांडल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ मिटलेले होते.

"आई," फोनमधून आवाज आला. "बाबा बोलले का आत्ता?"

"स्वरा," सायबू पुन्हा म्हणाला. या वेळी अजिबात न अडखळता.

हर्षालीला त्या क्षणी कळलं. सारा नव्हतं, सरे नव्हतं. दीड महिना हा माणूस पोपटासमोर बसून आपल्या मुलीचं नाव दुरुस्त करत होता.

काकू पोपटाकडे बघत होत्या. त्यांना तो आवाज ओळखू आला होता, दोन वर्षांनी, आणि तो पक्ष्याच्या तोंडून आला होता. "हा... हा पोपट बोलला गं," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "पण त्यानं यांचा आवाज..." त्यांनी हर्षालीकडे पाहिलं. हर्षालीनं काकांकडे पाहिलं.

काकांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि डावा हात पुढे केला. काकूंनी फोन दिला. त्यांनी तो मांडीवर उभा धरला. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"स्व," ते म्हणाले आणि थांबले. ओठ पुढे आले, तसेच राहिले.

फोनमध्ये मुलीनं तोंडावर हात ठेवला होता.

"स्वरा," सायबूनं सुचवलं.

काकांनी पिंजऱ्याकडे असं काही पाहिलं की दुसरं कुणी असतं तर चूप बसलं असतं. मग श्वास घेतला. "स्वरा," ते म्हणाले. आणि लगेच, हे जमलं त्या भरात, मुलीला आणखी काहीतरी विचारायला गेले. डोळ्यांत प्रश्न होता, हात हलला, आणि तोंडातून निघालं, "मुंतखब?"

क्षणभर त्यांनाही कळलं नाही. मग आधी तेच हसले. खांदे हलवून, आवाज करून हसले, आणि त्यांच्यामागे सायबू हसला, त्यांच्याच हसण्यानं. पलीकडे स्वरा रडत होती आणि हसतही होती. "हो बाबा," ती म्हणाली, "जेवले मी."

काकूंनी त्यांचा बूट बांधलेला पाय नुसता हातात धरून ठेवला होता. हर्षाली हळूच उठून वर गेली.

संध्याकाळी काकू वर आल्या. हर्षालीला वाटलं, आता विचारतील, माहीत होतं तर सांगितलं का नाहीस. त्यांनी ते विचारलं नाही. त्या स्वयंपाकघरात गेल्या, खिडकीपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मंगळवारी मी सुटी टाकते. पिंजरा वरच राहू दे, नि मला इथं बसू देशील का?

मंगळवारी सकाळी त्या नेहमीसारख्या स्कूटीवरून बाहेर पडल्या आणि गल्लीच्या टोकाला स्कूटी लावून परत आल्या. हर्षालीला लॅब होती, ती गेली. परतली तेव्हा साडेचार झाले होते आणि काकू अजून फरशीवरच होत्या, भिंतीला टेकून. दीडला त्या खाली जाऊन काकांना वाढून आल्या होत्या, आणि पुन्हा येऊन बसल्या होत्या. वहीतल्या एका कागदावर त्यांनी काहीतरी लिहिलेलं होतं. गावांची नावं. एकाखाली एक, ओळीनं.

"हे त्यांच्या दौऱ्याचे गावं आहेत," त्या म्हणाल्या. "उटनूरच्या बाजूचे. पहिल्या नोकरीतले. तेव्हा जीपपण नव्हती, पायी जायचे, नाहीतर बैलगाडीनं. एका गावामागून एक, रस्ता लागेल तसे म्हणतात. मधलं एखादं अडलं की मागं जाऊन पुन्हा येतात." त्यांनी कागद हर्षालीकडे दिला. "एकोणतीस गावं. मला यातले तीन माहीत होते. बोलता येत होतं तेव्हा त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि मीपण कधी विचारलं नाही. घरी आले की दमलेले असायचे. मी पण दमलेली असायची."

हर्षालीनं नावं वाचली. काही तिनं बसच्या पाट्यांवर पाहिली होती, बरीच पाहिली नव्हती.

"या गावाला ते थांबतात," काकू बोट ठेवत म्हणाल्या. "दरवेळी. नाव अडत नाही, नीट येतं. म्हणतात आणि गप्प बसतात, मग पुढचं. तिथं काय झालं असेल?"

"विचारा ना," हर्षाली म्हणाली.

"सांगता कुठं येतं त्यांना."

"थोडं थोडं येईल."

काकूंनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. फेब्रुवारीत त्यांनी खरंच त्या गावांना जायला एक गाडी ठरवली. त्याआधी काकांचं बोलणं शिकणं पुन्हा सुरू झालं होतं. या वेळी हैदराबादच्या बाई मोबाइलवर असत, काका अंगणात, आणि शेजारी सायबू. बाईंनी तशी परवानगी दिली होती. सगळं बोलणं परत आलं नाही, येणारही नाही असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. पण पाणी, चहा, ऊन, नको, ये, असे साठेक शब्द आले. चुकीचा शब्द आला की काका आता काठी आपटत नसत.

निघायच्या सकाळी काका पुढच्या सीटवर बसले. काकूंनी डबा मागे ठेवला. हर्षालीला परीक्षा होती, ती फाटकाशी उभी होती. काकूंनी ड्रायव्हरला उटनूरचा रस्ता सांगायला तोंड उघडलं, तर काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. डाव्या हातानं काच खाली केली, पुढं बोट दाखवलं आणि पहिल्या गावाचं नाव घेतलं.

ड्रायव्हर म्हणाला, हे गाव त्याला ठाऊक नाही.

"मला," काका म्हणाले, आणि थोडं थांबून, "आहे."